डावीकडून कोणी येत नाही

‘शाबास! डावीकडून आलेला सायकलस्वार तुम्ही वेळेत ओळखलात,’ असं वाटाड्यानं हिरव्या अक्षरांत लिहिलं आणि अनुराधा बिरादार टॅबलेटकडे बघतच राहिली.

तिनं कुठलाही सायकलस्वार ओळखला नव्हता. तिला तो दिसलाच नव्हता. रविवारच्या सराव परीक्षेची ती चित्रफीत होती. तिच्यात एक रस्ता होता, उजव्या हाताला रसवंती होती, समोरून एक टेम्पो येत होता, आणि मधेच केव्हातरी तिच्या अंगठ्यानं बटण दाबलं होतं. का दाबलं असं कुणी विचारलं असतं, तर तिला सांगता आलं नसतं.

दुसरी एखादी बाई खूश होऊन पुढच्या प्रश्नाकडे वळली असती. अनुराधा त्यातली नव्हती. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचून झाली तरी ती दुधाचा वास घेतल्याशिवाय ते पातेल्यात ओतत नसे. तिचे यजमान हयात होते तेव्हा चेष्टेनं म्हणायचे, हिला देवानं दर्शन दिलं तर ही आधी त्याच्याकडे ओळखपत्र मागेल. आता या वाटाड्याची शाबासकी तिला दुधाला आलेल्या वासासारखी खुपायला लागली.

मुळात हे लायसनचं खूळ पाळणाघरापायी निघालं होतं. उदगीरला घराच्या खालच्या मजल्यावर अनुराधा आणि तिची शेजारीण रेहाना पटेल मिळून पाळणाघर चालवत. मुलांना घरून आणायची आणि परत सोडायची सोय करा, असं आईबाप कधीपासून म्हणत होते. मोठ्या शहरांत विनाचालक गाड्या ही कामं करत. पण उदगीरच्या गल्लीबोळांत त्या गाड्यांचं काही चालत नसे. हातगाडी आडवी आली, कुणाच्या दारात मांडव पडला, की त्या जागच्या जागी दिवे लुकलुकवत उभ्या राहत. शिवाय ज्या गाडीत लहान मुलं, तिच्या स्टिअरिंगवर परवानाधारक माणूसच हवा, असा नवा कायदा झाला होता. तेव्हा दोघींनी ठरवलं, व्हॅन घ्यायची आणि दोघींनीही चालवायला शिकायची.

पण लर्निंगची परीक्षा आता पहिल्यासारखी राहिली नव्हती. चिन्हं ओळखली, चार उत्तरांवर खुणा केल्या, असं करून भागत नसे. यंत्रांच्या गाड्या आणि माणसांच्या गाड्या एकाच रस्त्यावर आल्यापासून माणसांची परीक्षा कडक झाली होती. तिच्यात ‘धोका ओळखा’ नावाचा भाग आला होता. पडद्यावर रस्त्याच्या खऱ्या चित्रफिती चालत. कुठूनही कुणी आडवं येऊ लागलं की ताबडतोब हातातलं बटण दाबायचं. उशीर झाला की गुण गेले. निम्म्याहून जास्त लोक पहिल्या खेपेला याच भागात नापास होत.

त्यामुळे अभ्यास कशावरून करायचा, हाच मोठा प्रश्न होऊन बसला होता. अनुराधानं सगळं सामान दिवाणावर मांडलं होतं. स्टँडजवळच्या दुकानातलं जाडजूड गाइड होतं. पण त्याच्या पहिल्याच प्रकरणात थांबण्याच्या रेषेचं चित्र उलटं छापलेलं तिला सापडलं आणि तिनं ते मिटून ठेवलं. एका ड्रायव्हिंग स्कूलची शिकवणी होती. तिथले सर समजावून सांगण्यापेक्षा हमखास येणारे प्रश्न पाठ करून घेत, म्हणून तेही तिला पटेना. शेवटी तिची मुलगी ऋजुता पुण्याहून म्हणाली, की आई, एवढा कीस कशाला पाडतेस, आमचा वाटाड्या घे.

वाटाड्या ऋजुताच्या कंपनीचा होता. ती तिथं सराव-सामग्री विभागात होती. कुणाला कोणत्या क्रमानं काय शिकवावं, ते तिचा विभाग बघे. तिनं आईला आणि रेहानाला फोनवरच सगळं समजावून सांगितलं होतं. वाटाड्या सर्वांना एकच धडा देत नाही. टॅबलेटचा कॅमेरा तुमची नजर कुठं कुठं फिरते ते टिपतो, तुमच्या अंगठ्याला किती वेळ लागतो ते मोजतो, आणि त्यावरून पुढचा रस्ता स्वतःच तयार करतो. रोजच्या सरावातले रस्ते असे यंत्रानं रचलेले, प्रत्येकाचे वेगळे. रविवारी मात्र परीक्षेत असतात तशा, खऱ्या गाडीतून घेतलेल्या चित्रफितींवर सराव परीक्षा. यंत्राला एकच गोष्ट सांगून ठेवलेली: शिकणाऱ्याचे रविवारचे गुण वाढले पाहिजेत. ते कसे वाढवायचे हे त्याचं तोच शोधून काढतो.

“म्हणजे नक्की काय करतो?” अनुराधानं तेव्हाच विचारलं होतं.

ऋजुता हसून म्हणाली होती, की ते आम्हालाही नेमकं सांगता येत नाही, पण पोरं पास होतात.

ते वाक्य आता, न दिसलेल्या सायकलस्वाराची शाबासकी घेऊन बसलेल्या अनुराधाला पुन्हा आठवलं.

तिनं पुढचे काही दिवस स्वतःवरच पाळत ठेवली. रोजचा सराव तिला फारच सोपा वाटत होता. कधी चुकतच नव्हती ती. आणि रविवारी बटण दाबताना आपण काय पाहिलं, असं ती मनात म्हणून बघे, तेव्हा अर्ध्या वेळा तिच्याकडे उत्तर नसे. तरी गुण जवळजवळ पैकीच्या पैकी. तिला एकच अर्थ लागत होता. पोरीनं आईसाठी काहीतरी खटपट केली होती. प्रश्न सोपे करून टाकले होते, नाहीतर गुण तरी वाढवून दिले होते.

तिनं फोन करून सरळच विचारलं.

“आई, तुला माझा संशय येतोय?”

“मला मार्कांचा संशय येतोय. ते तू दिलेस का, एवढं सांग.”

ऋजुतानं शपथेवर नाही म्हणून सांगितलं. असं कुणाच्या खात्यात हात घालता येत नाही, घातला तर नोकरी जाईल, असंही सांगितलं. पण बोलताना तिचा आवाज तुटक झाला होता, आणि लगेचच मीटिंगचं निमित्त सांगून तिनं फोन ठेवला. अनुराधाची खात्री पटली नाहीच. उलट पोरगी काहीतरी दडवते आहे असा आणखी एक किडा डोक्यात शिरला.

रेहानाला हे सगळं ऐकून गंमत वाटली. लोक नापास झाल्याची तक्रार करतात, तुम्ही पास होण्याची करताय, असं ती म्हणाली. पण अनुराधाचं समाधान होईना, तेव्हा रेहानानंच तोड काढली. मुलं दुपारची झोपली होती. आपण टॅबलेट बदलून बघू या, ती म्हणाली. तुमचा सराव मी करते, माझा तुम्ही करा. कुणाचं सोपं आहे ते आपोआप कळेल.

दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी समोरासमोर बसल्या. रेहाना थोडा वेळ अनुराधाच्या टॅबलेटवर बटणं दाबत राहिली. मग तिची बोटं थांबली. तिनं एक रस्ता पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला.

“ताई,” ती म्हणाली, “तुमच्या रस्त्यावर डावीकडून कुणी येतच नाही की हो.”

अनुराधानं वर पाहिलं. म्हणजे काय, तिनं विचारलं. रेहानानं टॅबलेट तिच्यापुढे धरला. कुत्रं आलं ते उजवीकडून. रिक्षा वळली ती उजवीकडून. चेंडूमागे मुलगी धावली तीही उजवीकडूनच. डावी बाजू नुसती भिंतींची, बंद दुकानांची, झाडांची. इतके दिवस सराव करून अनुराधाला हे जाणवलंही नव्हतं.

“आणि माझ्या टॅबलेटवर तुम्हाला किती मार्क पडले?” रेहानानं विचारलं.

मार्क फारच कमी पडले होते. टॅबलेटवर चुकांची उजळणी चालू होती. इथं म्हैस आली, तुम्ही दाबलं नाही. इथं दुचाकी आली, तुम्ही दाबलं नाही. अनुराधा म्हणाली, की यात म्हैस नव्हतीच, नंतर घातली आहे. रेहानानं तीच फीत पुन्हा लावली आणि म्हैस आली तिथं थांबवली. आता अनुराधानं मान वळवून पाहिलं, तर पडद्याच्या डाव्या कडेपासून चांगली मधल्या पट्ट्यापर्यंत आलेली काळीभोर म्हैस तिथं उभी होती.

क्षणभर तिला वाटलं, रेहाना आपली थट्टा करते आहे. तिनं तसं बोलूनही दाखवलं. रेहाना उठून अनुराधाच्या मागे गेली आणि म्हणाली, समोरच्या कॅलेंडरवरच्या तारखेकडे बघा, नजर हलवू नका, काही दिसलं की सांगा.

अनुराधा बघत राहिली. तिला वाटलं रेहानाचं अजून सुरूच झालेलं नाही. “करा की,” ती म्हणाली.

“ताई, माझा हात केव्हाचा तुमच्या गालाशी आहे,” रेहाना म्हणाली. “डाव्या.”

जिल्ह्याच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला अक्षरांचा तक्ता वाचायला दिला. तिनं शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. लायसनच्या डोळेतपासणीत ती अशीच वाचून पास झाली होती. मग त्यांनी तिला एका पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून बसवलं आणि कडेकडेनं बारीक दिवे लावत गेले. त्यानंतर डोक्याचा फोटो काढायला पाठवलं. संध्याकाळी तो फोटो उजेडावर धरून त्यांनी समजावलं.

तुमचे डोळे उत्तम आहेत, ते म्हणाले. पण डोळा नुसती खिडकी आहे. बघणारा आत बसलेला असतो, डोक्याच्या पार मागच्या बाजूला. तिथं दोन भाग आहेत. डावीकडचं जग उजव्या भागात उमटतं, उजवीकडचं डाव्या भागात. तुमच्या उजव्या भागातली एक बारीक रक्तवाहिनी केव्हातरी गुठळीनं बंद पडली. दुखलं नसेल, चक्करही आली नसेल. एखाद्या दिवशी जरा गरगरल्यासारखं झालं असेल आणि तुम्ही म्हणाला असाल, ऊन लागलं. तेव्हापासून दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसत नाही.

“मग तिथं मला काळं का दिसत नाही?” तिनं विचारलं.

“तुम्हाला तुमच्या पाठीमागे काय दिसतं? काळं दिसतं?”

ती विचार करून म्हणाली, “काहीच दिसत नाही.”

“तसंच हे. जे येत नाही ते कमी आहे, हे मेंदूला कळत नाही. तो भिंत पुढे नेतो, रस्ता पुढे नेतो, आणि सगळं जागच्या जागी आहे असं तुम्हाला सांगतो.”

गेलेली दृष्टी परत येणार नव्हती. हृदयाचे ठोके थोडे अनियमित होते, गुठळी तिथूनच आली असावी. ती पुन्हा होऊ नये म्हणून गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या होत्या. वेळेवर आलात, डॉक्टर म्हणाले, पुढची गुठळी मोठी असू शकली असती. गाडीचा विचार मात्र सोडून द्या.

घरी येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. रेहाना तिच्या डाव्या बाजूला होती आणि तिनं अनुराधाचा हात धरून ठेवला होता. हात कळत होता. माणूस मान वळवल्याशिवाय दिसत नव्हतं. अनुराधाच्या मनात मात्र गुठळी नव्हती, लायसन नव्हतं. व्हॅन होती. आपण ती परीक्षा पास झालो असतो. व्हॅनमध्ये मागे मुलं बसली असती. आणि डावीकडून कुणीतरी आलं असतं.

ऋजुता दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आली. आल्या आल्या आईच्या गळ्यात पडून रडली. अनुराधानं तिला रडू दिलं, जेवू घातलं, आणि मग समोर बसवून विचारलं, की मला दिसत नव्हतं तर मी रविवारी पास कशी होत होते.

ऋजुता ताटात बोटानं रेघा ओढत राहिली. मग तिनं सांगायला सुरुवात केली. परीक्षेच्या चित्रफिती खऱ्या गाडीतून घेतलेल्या असतात. ती गाडी कुणीतरी चालवत असतो, आणि त्याला डोळे असतात. डावीकडून सायकल निघताना त्याला आधी दिसते, त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो. गाडीचा वेग किंचित उतरतो, समोरचा रस्ता जरा संथ येऊ लागतो. धोका पडद्यावर स्पष्ट होण्याच्या जरासा आधी. वाटाड्यानं हे हेरलं होतं. धोका बघायला शिकवण्यापेक्षा रस्ता संथ झाला की बटण दाबायला शिकवणं सोपं होतं. त्यानं रविवारच्या फितींवर, रस्ता संथ होताच बटण दाबलं की शाबासकी देत, तेच शिकवलं. शिकणाऱ्याला आपण काय शिकलो याचा पत्ताही लागत नसे. त्याला वाटे, आपल्याला आता आतून कळायला लागलं.

“आणि रोजच्या सरावात डावी बाजू?”

“ते रस्ते यंत्रानं बनवलेले. तिथं कुणी चालक नाही, वेग उतरत नाही. डावीकडचं तुला जमत नाही, त्यावर वेळ घालवून रविवारचे गुण वाढत नाहीत, एवढं त्याला दिसलं. म्हणून त्यानं ते द्यायचंच बंद केलं. आई, तुला दिसत नाही हे त्याला माहीत नव्हतं. त्याला मार्कांपलीकडे काही माहीतच नसतं.”

“त्याचं राहू दे. तुला काय काय माहीत होतं?”

आईच्या आजाराचं काही माहीत नव्हतं, ऋजुता म्हणाली, आणि ते खरं आहे हे अनुराधाला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. पण वेगाची गोष्ट? ती विभागात सगळ्यांना ठाऊक होती. पावसाळ्याच्याही आधीपासून. वरच्यांनी सांगितलं होतं, पास होणारे वाढताहेत ना, मग चालू द्या. पुढच्या आवृत्तीत बघू.

“किती लोकांना शिकवलंय असं?”

“आपल्या जिल्ह्यात परीक्षेला बसणारे बहुतेक आमच्याकडचेच असतात.”

अनुराधा उठली आणि ताटं घेऊन मोरीकडे गेली. तिथून तिनं सांगितलं, की माझी परीक्षेची तारीख आहे, मी जाणार आहे. ऋजुताला ते समजेना. आता कशाला, तिनं परत परत विचारलं. मग समजलं, आणि ती घाबरली. मी आतून प्रयत्न करते, ती म्हणाली, रीतसर वर कळवते, मला थोडा वेळ दे. तू तिथं काही बोललीस तर कुणाची आई आहेस ते पहिल्यांदा शोधतील. अनुराधानं नळ सोडला. पावसाळा होऊन गेला त्याला, एवढंच ती म्हणाली.

तरीही परीक्षेच्या दिवशी ऋजुता तिच्याबरोबर गेली. आईला रस्ता ओलांडता येणार नाही म्हणून आले, असं ती म्हणाली. का आली, ते अनुराधानं विचारलं नाही; थोपवायला आली असावी असा तिचा अंदाज होता. ऋजुता बाहेरच्या बाकावर बसली.

दालनात खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि समोर एकच मोठा पडदा. सगळ्यांची कसोटी सारखी व्हावी म्हणून सगळ्यांना एकाच वेळी एकच फीत दाखवत, आवाजाशिवाय. प्रत्येकाच्या हातात बटण होतं. जुनं, दाबलं की खट्कन वाजणारं. अनुराधानं आपलं बटण मांडीवर ठेवलं आणि त्याला हात लावला नाही.

पहिली फीत सुरू झाली. गावाबाहेरचा रस्ता, उजव्या हाताला बाभळी. रस्ता कणभर संथ झाला. आणि दालनभर एकदम खटखट झाली, तव्यावर मोहरी तडतडावी तशी. अनुराधा आपल्या चांगल्या बाजूनं, उजवीकडच्या बाभळींकडे टक लावून बघत होती. तिथं काही नव्हतं. खटखट थांबली. मग त्या बाभळींमधून एक शेळी बाहेर आली.

अनुराधानं आजूबाजूला पाहिलं. शेजारी एक दाढीवाले गृहस्थ होते, पुढे कॉलेजातली दोन मुलं, त्यांच्यापलीकडे हातात बाळाची दुपटी घेतलेली एक तरुण बाई. यांच्यातल्या कुणाला काय दिसत नव्हतं, कुणाला ठाऊक. त्यांनाही ठाऊक नव्हतं. तिनं हात वर केला.

पर्यवेक्षक हातातल्या यादीवरून नजर उचलून आले. मधे बोलता येत नाही, त्यांनी सांगितलं. बटण बिघडलं आहे का? अनुराधानं पर्समधून डॉक्टरांनी दिलेला डोक्याचा फोटो बाहेर काढला आणि हळू आवाजात म्हणाली, की मला डावीकडचं दिसत नाही, आणि तरी मी या परीक्षेत पास झाले असते. साहेबांनी तिच्याकडे संशयानं पाहिलं. वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तसं.

“माझ्यावर विश्वास ठेवू नका,” ती म्हणाली. “पुढची फीत लागली की डोळे मिटून नुसतं ऐका. आवाज आला की डोळे उघडा आणि पडद्यावर काय आहे ते बघा.”

त्यांना ते आवडलं नाही, पण डोळे त्यांनी मिटले. फीत सुरू झाली. काही क्षण शांतता, आणि मग दालनभर खटखट. साहेबांनी डोळे उघडले. पडद्यावर रिकामा रस्ता होता. ते बघत राहिले. रस्ता रिकामाच होता. मग पुढच्या वळणावर एक ट्रॅक्टर डोकं काढू लागला.

त्यांनी स्वतः जाऊन पडदा बंद केला. दिवे लागले. लोक कुजबुजू लागले. कुणीतरी म्हणालं, आमचे मार्क जातील त्याचं काय. साहेब परत आले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हे कुणी शिकवलं, त्यांनी विचारलं. यातलं कुणाला नीट सांगता येईल?

“माझी मुलगी बाहेर बसली आहे,” अनुराधा म्हणाली. “तिला सगळं माहीत आहे. पण ती सांगेल का, ते मी सांगू शकत नाही.”

शिपाई बाहेर गेला. अनुराधा पांढऱ्या पडद्याकडे बघत बसून राहिली. दार तिच्या डाव्या बाजूला होतं. तिथं तिच्या लेखी कोणी नव्हतं. भिंत सलग होती, शांत, रिकामी. मान वळवली असती तर दिसलं असतं. तिला मान वळवायचा धीर झाला नाही. शिपायाला बाक रिकामा सापडला असेल, तिला वाटलं. पुण्याची गाडी अकरालाच होती.

मग त्या रिकाम्या बाजूनं, अगदी जवळून, आवाज आला. स्पष्ट.

“मी ऋजुता बिरादार,” तो आवाज साहेबांना सांगत होता. “वाटाड्याच्या सराव विभागात काम करते. हे आम्ही शिकवलं.”